फळा दिसतो, बाई ऐकू येत नाहीत

वाचकाचं पत्र: "मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते. पुस्तक इंग्रजी, पण समजावणं मराठी-कोकणी मिसळूनच होतं. पावसात मुलांचे तास बुडतात, म्हणून मुख्याध्यापकांनी सगळे तास रेकॉर्ड करायला सांगितलंय. लॅबमधला डेस्कटॉप वर्गात आणला, यूएसबी वेबकॅम मागच्या बाकावर ठेवला आणि भाच्याने ओबीएस हे रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर घालून दिलं. चार तास रेकॉर्ड केले. फळा दिसतो, पण माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि तोही दोन-दोनदा. फळ्यावरून काळपट पट्टे वर सरकत राहतात. चौथ्या तासाला वीज गेली, ती फाइल उघडतच नाही. जे तीन तास मुलांना दिले, ते पाहून एक मुलगी म्हणाली, 'बाई, खूप लांब आहे हो.' सहकारी म्हणतात, फुकटचं ते फुकटचंच. पालक-शिक्षक संघ १५ हजार रुपये द्यायला तयार आहे. त्यात कुठलं विकतचं सॉफ्टवेअर घेऊ? — गणिताच्या बाई, सत्तरी"

बाई, नमस्कार.

सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. १५ हजारांतले पाचेक हजार मागून घ्या, बाकीचे संघाकडेच राहू देत. तुमच्या चार तक्रारींत ओबीएसचा दोष कुठेच नाही. एक माईकची आहे, एक ट्यूबलाइटची, एक विजेची, आणि चौथी, माफ करा, मुख्याध्यापकांच्या आदेशाची.

आधी 'फुकटचं ते फुकटचं' याचा निकाल लावू. ओबीएस २०१२ मध्ये ह्यू बेली नावाच्या प्रोग्रॅमरने सुरू केलं. त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे आणि जगभरातले लोक त्यात भर घालत असतात. व्हिडिओच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव उमटत नाही, तीस दिवसांनी पैसे मागत नाही, दहा मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबवत नाही. थेट प्रक्षेपणावर पोट चालवणारी मंडळीही हेच वापरतात. सांभाळायचं एवढंच की ते ओबीएस प्रोजेक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यायचं. शोधताना सगळ्यात वर जी जाहिरात दिसते, तिथून नव्हे. भाच्याला तेवढं विचारून घ्या.

आता आवाज. यावर जरा वेळ घेणार आहे, कारण तुमच्या व्हिडिओत आवाजाशिवाय खास असं काही नाही. रागावू नका. त्रिकोणमितीचे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने आहेत, तुमच्या फळ्यापेक्षा सुंदर चित्रांचे आहेत. पण पुस्तकातलं इंग्रजी वाक्य घेऊन 'म्हणजे काय रे, माडाची सावली मोजलीस तर माड किती उंच ते कळेल' असं सांगणारी बाई त्यांत नाही. ती मुलांना ऐकू आली नाही, तर रेकॉर्डिंग कशाला करायचं?

मी बरीच वर्षं गावच्या जत्रेतल्या नाटकांचा ध्वनी सांभाळलाय. मंडपात मागून 'आवाज! आवाज!' अशी आरोळी आली की नवशिके पोरगे आवाजाचं बटण वर चढवतात. मग नटाचं वाक्य तेवढंच पुसट राहतं आणि जनरेटर, खाजेवाल्याची गडबड, पुढच्या रांगेतलं रडणारं मूल, सगळं मोठं होतं. इलाज एकच असतो: माईक नटाजवळ न्यायचा. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनी उतरते. पदराला लावलेला माईक तोंडापासून १५ सेंटीमीटरवर असतो. तुमचा वेबकॅम मागच्या बाकावर, म्हणजे पाचेक मीटरवर. मध्ये पाच दुपटी, ३० डेसिबल गेले. पंखा, बाकांची खरखर आणि उघड्या भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र वेबकॅमला जवळजवळ तेवढेच ऐकू येतात. विहीर तयार होते ती अशी.

तेव्हा पहिली खरेदी कॉलर माईकची, तारेचा, हजाराच्या आसपास मिळतो. यूएसबीचा घ्या. मोबाइलसाठी बनवलेल्या साध्या पिनेच्या माईकवर तीन काळ्या रेघा असतात आणि तो डेस्कटॉपच्या गुलाबी भोकात बहुतेक वेळा मुका राहतो. माईक लावताना छातीच्या मधोमध लावू नका. मंगळसूत्र आपटतं. बाईंना पत्ता नसतो आणि पोरांना चाळीस मिनिटं टक्-टक् ऐकू येत राहतं. खांद्यावरच्या पदराच्या पिनेच्या खाली, आतल्या बाजूला न दाबता लावा. फळ्याकडे वळायचा खांदा कोणता ते पाहून त्याच खांद्यावर, म्हणजे लिहिता लिहिता बोललात तरी आवाज उतरत नाही. आणि तार पाच मीटरची असू द्या, नाहीतर बाई पुढे आणि संगणक मागे ओढला जातोय असं व्हायचं.

आवाज दोनदा का येतो? कारण दोन माईक चालू आहेत. वेबकॅमच्या पोटात एक असतो आणि संगणकाला जोडलेला दुसरा. दोन्ही तेच ऐकतात, पण एकाचा आवाज किंचित उशिरा पोचतो. ओबीएस उघडा, खाली 'ऑडिओ मिक्सर' दिसेल. माईकजवळ टिचकी वाजवा आणि किती पट्ट्या नाचतात ते मोजा. एकच नाचायला हवी. जास्त नाचल्या तर 'सेटिंग्ज'मध्ये 'ऑडिओ'त जाऊन तुमचा कॉलर माईक नाव घेऊन निवडा ('डिफॉल्ट'वर सोडू नका, उद्या कोणी हेडफोन लावला की तो बदलतो) आणि बाकी सगळ्यांना 'डिसेबल्ड' करा. वेबकॅमची पट्टी तरीही दिसत असेल तर तिच्या शेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून तिला गप्प करा.

ती पट्टी हिरवी, पिवळी, लाल अशी असते. पिवळा भाग उणे २० डेसिबलला सुरू होतो, लाल उणे ९ ला. नेहमीच्या आवाजात शिकवताना पट्टी पिवळ्यात खेळत राहिली पाहिजे. मागच्या बाकावर ओरडताना लालला शिवली तर चालेल, पण टोकाला जाऊन आपटली तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पंख्यासाठी माईकच्या 'फिल्टर्स'मध्ये 'नॉइज सप्रेशन' घाला आणि त्यात आरएननॉइज हा पर्याय निवडा. माणसाचं बोलणं आणि बाकीचा गोंगाट वेगळा काढायला शिकवलेलं ते न्यूरल नेटवर्क आहे, आणि पंख्याची घरघर ते अगदी सफाईने काढतं. पत्र्यावरच्या आषाढातल्या पावसापुढे मात्र त्याचंही चालत नाही. पावसाबरोबर तुमचे 'स' आणि 'श'सुद्धा कुरतडून टाकतं. तेवढी सर ओसरेपर्यंत थांबायचं, दुसरा उपाय मला सापडलेला नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) पों-पों मध्ये आला तर राहू द्या, मुलांना घरच्यासारखं वाटेल.

काळे पट्टे ही ट्यूबलाइटची करणी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. वेबकॅम बहुतेक वेळा ६० आवर्तनांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या विजेच्या हिशेबाने लावून येतो. तो चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचतो. काही ओळी दिवा मंद असताना वाचल्या जातात, काही प्रखर असताना, आणि प्रत्येक चित्रात ती जागा थोडी सरकते. ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या नावावर दोनदा टिचकी मारा, 'कॉन्फिगर व्हिडिओ' उघडा आणि 'पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी' ६० ची ५० करा. पट्टे तुमच्या डोळ्यांदेखत विरतील. शेजारच्या टॅबमध्ये 'फोकस'पुढची 'ऑटो'ची खूणही काढून टाका, नाहीतर तुम्ही फळ्यासमोरून गेलात की कॅमेरा फळा सोडून तुमच्या साडीची नक्षी शोधत बसतो.

आणि कॅमेरा मागच्या बाकावरून उचला. हिशेब करून बघा. फळा चार फूट उंच, म्हणजे ४८ इंच. व्हिडिओ ७२० ओळींचा. फळा चौकटभर घेतलात तर इंचाला १५ ओळी मिळतात आणि दोन इंची अक्षर ३० ओळींत स्वच्छ बसतं. तुम्ही अख्खा वर्ग घेतलाय, फळा चौकटीच्या एक तृतीयांश उंचीत आहे. मग तेच अक्षर १० ओळींत, आणि त्याच्या डोक्यावरचा वर्गाचा २ जेमतेम पाच ओळींत. साइन वर्ग थीटा हे साइन थीटा दिसलं की पोर घरी बसून चुकीचं उत्तर काढणार आणि वर 'बाईंनी असंच लिहिलंय' म्हणणार. कॅमेरा दुसऱ्या बाकापाशी आणून एका स्टँडवर चढवा. स्टँडही हजारभराचा पुरतो. खिडकी चौकटीत नको, नाहीतर तुम्ही काळी सावली होऊन शिकवाल.

अख्खा वर्ग चौकटीत नको याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मुख्याध्यापकांना जरूर सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय. मुलांचे चेहरे, त्यांची चुकलेली उत्तरं, त्यावर पिकलेला हशा, हे सगळं फाइलमध्ये जाऊन गावभर फिरण्यापेक्षा कॅमेऱ्याला फक्त फळा दाखवलेला बरा. आवाजात मुलं येणारच, म्हणून पालकांकडून एक साधं संमतिपत्रही घेऊन ठेवा.

आता विजेची गोष्ट. तुम्ही 'रेकॉर्डिंग फॉरमॅट' एमपी४ ठेवला होता, असं मी न विचारताच सांगतो. साध्या एमपी४ मध्ये कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची यादी अगदी शेवटी, रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली की माल सगळा कोठारात आणि किल्ली कोणाकडेच नाही. माझी एक अख्खी नाट्यस्पर्धेची फेरी अशी गेली आहे. दिग्दर्शकाला फोन करायला दोन दिवस धीर झाला नव्हता. त्याऐवजी एमकेव्ही ठेवा. त्यात माल आणि हिशेब दोन्ही बरोबर लिहीत जातात, म्हणून वीज जाईपर्यंतचा तास शाबूत मिळतो. वर्गातल्या टीव्हीला एमकेव्ही चालत नसेल तर 'फाइल' मेनूतलं 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' वापरून काही सेकंदांत त्याचं एमपी४ होतं. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, फक्त डबा बदलतो. नव्या आवृत्त्यांत 'हायब्रिड एमपी४' हाही पर्याय आला आहे, तोही वीज गेल्यावर तग धरतो. उरलेल्या पैशांतून तीनेक हजारांचा छोटा यूपीएस घ्या. जूनमध्ये तुमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा डोळे मिचकावते ते मी तुम्हाला काय सांगणार!

बाकी सेटिंग्ज झटपट सांगतो. पहिल्यांदा उघडताना ओबीएस विचारतं तेव्हा 'फक्त रेकॉर्डिंगसाठी' हा पर्याय निवडा. आकार १२८० बाय ७२०, सेकंदाला ३० चित्रं. इंटेलचा संगणक असेल आणि 'एन्कोडर'मध्ये (म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागात) क्विकसिंक दिसत असेल तर तोच घ्या, जुन्या मशीनचा घाम कमी निघतो. दर्जाच्या यादीत 'लॉसलेस' दिसेल, त्याला हात लावू नका. मोठ्या आकाराच्या व्हिडिओला तो मिनिटाला ७ जीबीहून जास्त जागा खाऊ शकतो असा इशारा ओबीएस स्वतःच देतं. व्हिडिओ बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट माहिती साठवायची तो आकडा) २५०० ठेवलात तर ४० मिनिटांचा तास ७५० एमबीचा होतो.

आणि हा आकडा धरूनच मुख्याध्यापकांकडे जा. ७५० एमबी. ज्या घरात एकच मोबाइल, ज्यांनी २०२० मध्ये रेंज मिळावी म्हणून डोंगर चढून तास केले, त्यांच्या हातात तुम्ही हा धोंडा देणार? आणि आत काय आहे? आठ मिनिटं हजेरी आणि 'वह्या काढा', दहा मिनिटं मुलं गणित सोडवताहेत आणि बाई फेऱ्या मारताहेत, पाच मिनिटं शिपाई सूचना घेऊन आला. शिकवणं त्यात बारा-पंधरा मिनिटांचं. ती मुलगी खरं बोलली. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो, त्याचे धडे मराठी-कोकणीतही आहेत. एकेक धडा दहा मिनिटांच्या आसपासचा. तेवढंच माप धरा.

म्हणजे तास रेकॉर्ड करू नका, मुद्दा रेकॉर्ड करा. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, पंखा बंद करून, एक सिद्धता आणि एक उदाहरण. फळाही लागत नाही. मोबाइल त्याच स्टँडवर आडवा बांधून खाली वहीकडे तोंड करा, ड्रॉइडकॅमसारख्या ॲपने तो ओबीएसमध्ये कॅमेरा म्हणून येतो, आणि जाड पेनाने वहीवर सोडवत बोलत जा. हलतो फक्त हात, त्यामुळे बिटरेट १००० पुरतो: दहा मिनिटांचे ७५ एमबी आणि आवाजाचे वर दहाएक. चुकलात तर पूर्ण थांबवू नका. दोन सेकंद गप्प राहा, तेच वाक्य पुन्हा म्हणा. चुकलेला तुकडा नंतर लॉसलेसकट किंवा शॉटकटमध्ये कापता येतो, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरच आहेत. आठवड्याला असे दोन केलेत तरी चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीपर्यंत वीसेक धडे जमतील. मुख्याध्यापकांना मोजायला आकडा लागतो, तो मिळेल.

सुरुवातीला धड्याचं नाव मराठीत टाकणार असाल तर विंडोजवर निर्मला किंवा मंगल फॉन्ट घ्या. लॅब लिनक्सवर असेल तर ओबीएसच्या 'टेक्स्ट'मध्ये जोडाक्षरं तुटतात. तेव्हा लिब्रेऑफिसमध्ये नाव लिहून त्याचं चित्र करा आणि ते 'इमेज' म्हणून लावा. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून दाबून तुमच्या वर्गमुळाचा पुन्हा बोळा करतं. ज्यांच्याकडे रेंजच नाही त्यांच्यासाठी शाळेत एक पेन ड्राइव्ह ठेवा.

राहिली ती न उघडणारी फाइल. ती पुसू नका, तिच्यावर दुरुस्तीचे फुकट प्रयोगही करू नका. आधी प्रत काढा. मग त्याच संगणकावर, त्याच वेबकॅमने, सेटिंग्ज जराही न बदलता पाच मिनिटांचं नवं एमपी४ रेकॉर्ड करून नीट थांबवा. (म्हणजे वर सांगितलेले बदल करण्याआधी!) अनट्रंक नावाचं एक मुक्त साधन आहे. ते धड फाइल बघून मोडक्या फाइलची यादी पुन्हा जुळवायचा प्रयत्न करतं. कमांड लिहावी लागते, तेव्हा भाच्याला बसवा. माझ्या नाटकाचे तीनपैकी दोन अंक असे परत मिळाले होते, तिसऱ्यात आवाज पुढे आणि ओठ मागे. तुमची नाहीच जुळली, तर तो धडा पुन्हा घ्या. दहा मिनिटांचाच तर आहे.